वाद्य, व्याज आणि वाटाणा

कर्जाच्या अर्जावर एक छोटासा रकाना असतो : ‘कर्जाचे प्रयोजन’. बँकेतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत या रकान्यात मी काय काय वाचलं असेल! म्हैस, पिठाची गिरणी, द्राक्षबागेसाठी लोखंडी अँगल आणि तारा, रिक्षा, शिलाई यंत्र, मुलीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन. त्या एकदोन शब्दांवरून कर्ज ‘उत्पादक’ की ‘अनुत्पादक’ हे ठरायचं. म्हैस उत्पादक, लग्न अनुत्पादक. म्हैस दूध देते आणि दुधातून हप्ता फिटतो. लग्नातून काय निष्पन्न होईल हे कोणत्याच फील्ड ऑफिसरला सांगता येत नाही. पण काही गोष्टी अशा असायच्या की त्या दोन्ही खणांच्या मधोमध लोंबकळत राहायच्या. वाद्य ही त्यांतली एक. वाजवणाऱ्याच्या हाती ते म्हशीसारखं दुभतं असतं आणि न वाजवणाऱ्याच्या घरी ते दिवाणखान्यातलं शोभेचं कपाट होतं. वस्तू तीच, किंमत तीच, कोटेशनही तेच. फरक माणसात असतो, आणि माणूस तारण ठेवून घ्यायची सोय कोणत्याही बँकेत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीनंतर माझ्यापुढे आलेलं एक प्रकरण. मी निवृत्त असल्यामुळे त्याला ‘प्रकरण’ म्हणायचा मला अधिकार नाही; पण सवय जात नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ, सातपूरच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा. मुलांना की-बोर्ड शिकवतो, जाहिरातींसाठी छोट्या सुरावटी करून देतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. महिन्याचं उत्पन्न कधी पंचवीस हजार, कधी बारा. त्याला एक वाद्य घ्यायचं होतं. मुंबईत एका माणसाकडे होतं, परदेशातून आणलेलं, जवळजवळ न वापरलेलं. किंमत साडेचार लाख रुपये. आणि वडिलांची पाच लाखांची मुदत ठेव त्याच महिन्यात पिकत होती.

“साहेब, तुम्ही बँकेत होतात, शिवाय कादंबऱ्या लिहिता,” गृहस्थ म्हणाले. “म्हणजे तुम्हाला दोन्हीकडचं कळत असेल. तुम्हीच सांगा त्याला.”

मुलगा काही बोलला नाही. वडिलांनी ‘सांगा’ म्हटलं त्याचा अर्थ ‘नको म्हणून सांगा’ असा आहे, हे त्याला कळत होतं.

ते वाद्य म्हणजे मिनिमूग. ॲनालॉग सिंथेसायझर. आता ही काय भानगड आहे हे समजून घेतल्याशिवाय मत देणं म्हणजे गोठ्यात न जाता म्हशीला कर्ज मंजूर करणं. मी त्या मुलाकडून चार संध्याकाळी शिकवणी घेतली. त्यातून मला जे उमगलं ते असं :

आपण ज्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतो (मग ते कोणत्याही कंपनीचं असो) त्या आजच्या बहुतेक की-बोर्डमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेले असतात. बटण दाबलं की सतार, बटण दाबलं की व्हायोलिन. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये साठवलेलं काहीच नसतं. आत विजेची आंदोलनं निर्माण करणारी मंडलं असतात. विजेचा दाब वाढवला की स्वर चढतो, कमी केला की उतरतो. मग त्या कच्च्या, भरड आवाजाला एका गाळणीतून नेतात. गाळणी किती उघडायची, किती मिटायची, स्वर कसा उमलायचा आणि कसा विरायचा, हे सगळं पट्टीवरच्या खुंट्या फिरवून ठरवायचं. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली या पद्धतीचं यंत्र बनवलं. ते कपाटाएवढं होतं आणि त्यात तारांचं जंजाळ असे. १९७० साली त्यांच्या कंपनीने त्याची काखेत मारून नेता येईल अशी आवृत्ती काढली, ती मिनिमूग. पट्ट्या चव्वेचाळीस. एका वेळी एकच स्वर वाजणार. मूळच्या यंत्रात स्मरणशक्ती नाही; आज साधलेला आवाज उद्या हवा असेल तर खुंट्या कुठे होत्या ते कागदावर लिहून ठेवायचं. आणि यंत्र तापलं की सूर हलणार.

“म्हणजे साडेचार लाखांत एका वेळी एकच स्वर, आणि तोही हलणारा?” मी विचारलं.

“काका, आपण गाताना तरी एका वेळी किती स्वर गातो?” तो म्हणाला.

या उत्तराने मी जरा सावरून बसलो. पोराने विचार केला होता.

पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकत्र वाजण्याला फार महत्त्व. त्यामुळे एकस्वरी वाद्य ही तिथे उणीव ठरली आणि पुढे एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारी यंत्रं आली. १९७८ साली पाच स्वरांचं प्रॉफेट-फाइव्ह आलं, १९८१ साली आठ स्वरांचं ज्युपिटर-एट. पण आपलं रागसंगीत एका स्वराच्या वाटेनेच चालतं, आणि त्या वाटेत एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली जागा महत्त्वाची असते. मींड ती हीच. पेटीवर मींड निघत नाही. एक पट्टी सोडली की दुसरी, मधे भिंत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांत हा एक मोठा आक्षेप होता. मिनिमूगच्या डाव्या हाताला मात्र एक चाक असतं. ते अंगठ्याने फिरवलं की स्वर न तुटता वर सरकतो. परदेशातल्या वादकांनी त्याचा उपयोग गिटारसारखी तार ओढल्याचा परिणाम साधण्यासाठी केला. आपल्या माणसाच्या हाती तेच चाक मींडेचं साधन होऊ शकतं. पेटीने सव्वाशे-दीडशे वर्षांत आपल्याला जे दिलं नाही ते या चाकात आहे, असं त्या मुलाचं म्हणणं. मला ते पटलं.

आणि हे काही नुसतं स्वप्नरंजन नाही. याचे दाखले आपल्याकडे आहेत. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी आठवा. आज सत्तर वर्षांनंतरही नाशिकच्या कोणत्याही वरातीत ती सुरू झाली की एखादा काका तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळण घेतोच. ती पुंगी म्हणजे पुंगी नव्हेच. हेमंतकुमारांच्या संगीतात तो आवाज कल्याणजींनी क्ले-व्हायोलिन म्हणजे क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर काढला होता. फ्रान्समध्ये तयार झालेलं, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं, तेही एका वेळी एकच स्वर देणारं यंत्र. म्हणजे विजेवर चालणाऱ्या परदेशी वाद्याने आपल्या गारुड्याची जागा घेतली आणि आपल्या लक्षातही आलं नाही. पुढे मिनिमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणण्याचं श्रेय कर्सी लॉर्ड या मुंबईच्या पारशी वादकाला देतात.

पण या विषयातला सगळ्यांत बोलका दाखला आहे चरणजितसिंग यांचा. मुंबईच्या स्टुडिओंमधून वाजवणारे हे एक वादक. ‘रोलंड’ या जपानी कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं एक छोटं, चंदेरी यंत्र काढलं होतं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बास हवा, म्हणून. चरणजितसिंगांनी ते सिंगापूरला घेतलं. त्याला जोड दिली तालाच्या टीआर-८०८ ची आणि ज्युपिटर-एटची. ही तिन्ही यंत्रं एकत्र बांधून त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. त्या माणसाने त्या घसरणीत राग शोधले.

तबकडी चालली नाही. कोणी फारशी घेतली नाही, कोणी फारसं बोललंही नाही. टीबी-३०३ सुद्धा जगभर पडलं. मूळ किंमत चारशे डॉलरांच्या आत, तरी गिऱ्हाईक मिळेना. १९८४ साली कंपनीने उत्पादन थांबवलं आणि उरलेली यंत्रं जुन्या बाजारात कवडीमोलाने जाऊ लागली. ती घेतली कोणी? शिकागोतल्या खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुणांनी. त्यांनी खुंट्या वेड्यावाकड्या पिळल्या आणि १९८७ च्या सुमारास त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार जन्माला आला. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती चरणजितसिंगांची ती तबकडी लागली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हे कसं वाजलं, म्हणून परदेशातले रसिक थक्क झाले. सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ साली ते गेले.

बँकेच्या भाषेत बोलायचं तर परतफेडीचा अवधी अठ्ठावीस वर्षं. कोणती शाखा एवढी मुदत देईल?

याच्या उलट टोकाचा दाखला अहमदाबादचा. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या देखरेखीखाली मूगचं ते मोठं, कपाटाएवढं यंत्र बसवलं गेलं. गीता साराभाई आणि आणखी काही मोजक्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले. तीनचार वर्षं काम चाललं आणि थांबलं. ध्वनिफिती कपाटात गेल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक फिती प्रसिद्ध झाल्या, तोवर अर्धशतक उलटलं होतं. इथे पैशाची अडचण नव्हती, यंत्राची नव्हती, बुद्धीचीही नव्हती. यंत्राभोवती गाव वसलं नाही, एवढंच. शिकणारे, वाजवणारे, ऐकणारे, बिघडलं तर उघडणारे, असं सगळं मिळून वाद्याचं गाव होतं. पेटीचं ते झालं. तबल्याचं आहे. मूगचं झालं नाही.

या दोन गोष्टी मी त्या बापलेकांना सांगितल्या, तेव्हा गंमत झाली. दोघांनाही त्या आपल्याच बाजूच्या वाटल्या.

आता हिशेब. १९७० साली मिनिमूगची अमेरिकेतली किंमत होती १,४९५ डॉलर. त्या वेळी डॉलर साडेसात रुपयांचा. म्हणजे सव्वाअकरा हजार रुपये. शिवाय आयात परवाना आणि परकीय चलन मिळवायचं, ते वेगळंच दिव्य. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आत होता. म्हणजे एका मिनिमूगच्या पैशात सराफ बाजारात अर्ध्या किलोहून जास्त सोनं आलं असतं. २०२२ साली कंपनीने हे वाद्य पुन्हा काढलं तेव्हा किंमत होती ४,९९९ डॉलर. आयातशुल्क आणि कर वेगळे. आज मागितलेले साडेचार लाख हे ऐकायला जबर वाटतात. पण २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला, त्या हिशेबाने हे पंचेचाळीस ग्रॅम सोनंसुद्धा नाही. सोन्याच्या मापाने हे वाद्य बारा पटींहून अधिक स्वस्त झालं आहे. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझा पगार सोन्यात नव्हता.” यावर मी काय बोलणार?

साडेचार लाखांचं कर्ज काढलं, व्याज समजा १२ टक्के, मुदत पाच वर्षं, तर महिना हप्ता येतो दहा हजार रुपये. पाच वर्षांत भरायचे सहा लाख. त्यांतलं दीड लाख निव्वळ व्याज. आणि कर्ज न काढता वडिलांची ठेव मोडली तर? साडेचार लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला साडेएकतीस हजार व्याज मिळतं, महिना सव्वासव्वीसशे. आकडा किरकोळ वाटेल. त्या घरात तो दूध, गॅस आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांचा आकडा होता. हे मला त्या माउलीनेच सांगितलं. चहाचा कप पुढे ठेवता ठेवता, कोणाकडेही न बघता.

मी मुलाला विचारलं, “हे वाद्य आलं म्हणून तुला जाहिरातीचे जास्त पैसे मिळतील?”

“नाही, काका. ऐकणारे मोबाइलवर ऐकतात.”

“ऑर्केस्ट्रात?”

“तिथे हे नेणारच नाही. गर्दीत पडलं-झडलं तर?”

“शिकवणीत?”

तो हसला. म्हणजे वाढीव उत्पन्न शून्य. त्याने हे न लपवता सांगितलं, याबद्दल मी त्याला मनातल्या मनात गुण दिले. कर्ज मागायला आलेल्या माणसाने खोटा नफा फुगवून दाखवायची रीत आहे, ती त्याने पाळली नाही.

मग त्याने दुसरा मुद्दा काढला, की या वाद्यांच्या किमती वाढतात. तीच ठेव समजा. हे अर्धसत्य आहे. टीबी-३०३ आज काही हजार डॉलरांना जातं, हे खरं. १९८३ साली यामाहाचं डीएक्स-सेव्हन हे आकडेशाहीचं वाद्य आलं तेव्हा लोकांनी जुनी ॲनालॉग यंत्रं मिळेल त्या भावाला काढली, आणि ज्यांनी घेतली त्यांचं पुढे सोनं झालं, हेही खरं. पण त्यांनी ती स्वस्त होती म्हणून घेतली होती, वाजवायला. आज महाग झालेली वस्तू आणखी महाग होईल म्हणून घेणं हा सट्टा झाला. शिवाय नव्याने काढलेल्या आवृत्तीला जुन्या यंत्राचं दुर्मीळपण नसतं. गुंतवणूकच करायची तर सराफ बाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या मालाला ना दुरुस्ती लागते, ना रियाज.

दुरुस्तीचा मुद्दा तर वेगळाच. नाशिकचा उन्हाळा, पावसाळ्यातली दमट हवा, विजेचा लपंडाव. खुंट्यांमध्ये धूळ गेली की आवाज खरखरतो. बिघडलं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजूला कोणी जाणकार शोधायचा, तो मिळेल याची हमी नाही. पेटीचा भाता फाटला तर आपल्याकडे गल्लीत माणूस मिळतो. मघाशी ‘गाव’ म्हटलं ते हेच.

मग फरक आहे तरी किती, हा प्रश्न उरतो. या वाद्याची नक्कल करणारं यंत्र एका जर्मन नावाच्या कंपनीने, बेहरिंगरने, काढलं आहे. पट्ट्या नाहीत, डबा छोटा, पण आतली मंडलं त्याच घाटाची. परदेशात किंमत तीनशे-साडेतीनशे डॉलरांच्या घरात. आणि संगणकावर तर हाच आवाज त्याहूनही स्वस्तात मिळतो. मुलाने मुंबईला जाऊन त्या विक्रेत्याच्या घरी दोन तास मूळ वाद्य वाजवलं होतं आणि ध्वनिमुद्रणही केलं होतं. तीच सुरावट त्याने घरी संगणकावर वाजवली होती. दोन्ही मला कानाला लावून ऐकवली. पहिल्या खेपेला मला फरक कळला नाही. तिसऱ्या खेपेला वाटलं की एकीत स्वर जरा श्वास घेतल्यासारखा हलतो आहे.

इथे मला तानपुऱ्याची आठवण झाली. बंगळूरच्या रॅडेल कंपनीने चाळीसएक वर्षांपूर्वी आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा रुजवला. तो उतरत नाही, त्याला जव्हारी काढावी लागत नाही, पिशवीत मावतो. आज तर तो फुकट मोबाइलमध्ये आहे. तरीही मिरजेत भोपळे वाळवून, पोखरून तानपुरे घडतातच. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गाणारी माणसं हजारो रुपये मोजून ते का घेतात? ते सांगतात की लाकडी तानपुरा लावता लावता कान तयार होतो. आवाज श्रोत्यांसाठी असतो. लावण्याची खटपट गाणाऱ्यासाठी. मुलाचं म्हणणंही नेमकं हेच होतं. “काका, संगणकावर मी आवाज निवडतो. तिथे मी आवाज करतो. दोन तासांत मला भूपाच्या गंधाराकडे जायची एक वाट सापडली, ती इथे दोन वर्षांत सापडली नव्हती.”

हे ऐकलं आणि प्रकरण अवघड झालं. कारण ही मागणी आता हौसेची राहिली नव्हती.

एका तालुक्याच्या शाखेत असताना मी वाद्यासाठी कर्ज मंजूर केलेलं मला आठवतं. १९९३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी प्रधानमंत्री रोजगार योजना आली, तिच्यातलं. एका बँडवाल्याच्या पदवीधर मुलाला की-बोर्ड, ॲम्प्लिफायर आणि कर्णे हवे होते. मी पाहणीला गेलो तर तो मुलगा उसन्या, दोन पट्ट्या तुटलेल्या की-बोर्डवर वाजवत होता. तुटलेले स्वर चुकवून सगळी गाणी बसवलेली. लग्नाच्या तारखांची वही त्याने पुढे केली. पुढच्या दोन सराईंत त्याने मुदतीआधी कर्ज फेडलं. मंजुरीचं कारण म्हणून मी वहीचा हवाला दिला होता, पण खरा भरवसा मला त्या तुटलेल्या पट्ट्यांनी दिला. जो माणूस अपुऱ्या वाद्यावर काम काढतो, त्याच्या हाती पुरं वाद्य द्यायला हरकत नसते.

नाशिककरांना या बाबतीत आणखी मोठा वडीलधारा आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले. चलच्चित्र काढायच्या वेडाने त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला, पन्नास पौंडांचा. परतल्यावर चित्रपट काढायला भांडवल हवं होतं आणि सावकारांचा विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्यासमोर ठेवून महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. जेमतेम एका मिनिटाचा चित्रपट झाला : दाण्यातून कोंब, कोंबाचा वेल. तो पाहून पैसे मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. १९१३ च्या मेमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

ही कथा आपण नेहमी धाडसाची म्हणून सांगतो. मी बँकेतला माणूस, मला तिच्यातला क्रम दिसतो. पहिली जोखीम त्यांनी स्वतःच्या नावावरच्या पॉलिसीवर घेतली. दुसऱ्याचा पैसा मागण्याआधी वाटाणा उगवून दाखवला. आणि तरीही ही कथा तिथेच संपत नाही, हेही विसरू नये. पुढे नाशिकलाच त्यांची कंपनी उभी राहिली, भागीदारांशी बिनसलं, बोलपट आले, आणि १९४४ साली नाशिकमध्ये ते गेले तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. विष्णु दिगंबर पलुसकरांचंही तसंच. मुंबईत कर्ज काढून गांधर्व महाविद्यालयाची इमारत उभी केली, ती कर्जापायी लिलावात गेली, आणि पुढे त्यांनी नाशिकला रामनामाचा आश्रम काढला. कलेने कर्जबाजारी झालेल्या दोन थोर माणसांना गोदावरीने जवळ केलं आहे. दोघांच्याही कर्जाचं व्याज आपण सगळे अजून खातो आहोत. पण ते त्यांच्या बायकामुलांच्या पदरात पडलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने कोणत्या खात्यात जमा धरायचे?

शेवटी मी दोघांना समोर बसवून माझं मत दिलं. वाद्य साडेचार लाखांच्या लायकीचं आहे, हे आधी सांगितलं. कारण वडिलांच्या मनात ‘डबडं’ हा शब्द होता तो जायला हवा होता. मुलगा त्या लायकीचा होऊ शकेल, हेही सांगितलं. पण ज्या पैशावर आईच्या गोळ्या येतात तो पैसा याला लावायचा नाही, मुलाच्या नावाने नाही आणि वडिलांच्या मायेनेही नाही. आणि ज्या वस्तूतून हप्ता निघत नाही तिच्यावर पाच वर्षांचं कर्जही नको. कारण हप्ता थकला की माणूस पहिल्यांदा वाद्य विकतो असं नाही, तो पहिल्यांदा वाजवणं सोडतो. संध्याकाळच्या शिकवण्या वाढवतो, नको ती कामं धरतो, आणि ज्या गंधारासाठी सगळं केलं त्याला वेळच उरत नाही. छोटी नक्कल घे, स्वतःच्या कमाईतून. तिच्यावर तासभराचं काम पुरं कर. तो तुझा वाटाणा. मग ज्याला ऐकवायचं त्याला ऐकव आणि माग. पहिले पंचवीस हजार मी देईन, परत न मागण्याच्या बोलीवर.

ठेव पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवली गेली. मुंबईचं वाद्य महिन्याभरात दुसऱ्या कोणीतरी नेलं. हे कळलं त्या दिवशी मुलगा शिकवणीला गेला नाही. दोन दिवस माझ्याशी बोललाही नाही. नकाराचीही एक किंमत असते आणि ती कोणत्याही खतावणीत येत नाही. बँकेत असताना मी नाकारलेल्या अर्जांची संख्या मंजूर केलेल्यांपेक्षा जास्त असेल. त्यांतून काय उगवलं असतं हे मला कधीच कळणार नाही.

छोटा डबा मार्चमध्ये आला. रात्री दहानंतर तो कानाला लावून बसतो, त्यामुळे शेजारी असूनही मला काही ऐकू येत नाही. वडील सांगतात की खुंट्या कुठे ठेवल्या त्याच्या नोंदींच्या दोन वह्या भरल्या आहेत. परवा मी त्या पाहायला मागितल्या. एका पानावर भूपाच्या आरोहाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘अजून नाही.’ खाली तारीख होती. पुढच्या सात पानांवर तेच दोन शब्द, तारखा वेगळ्या. आठव्या पानावर नुसती तारीख आहे.